न्यूरोअ‍ॅनाटॉमी: आधी एमआरआय, मग फॉर्मॅलिनमधला मेंदू?

शेपटीवाला_कॉडेट
माझं मत सरळ आहे. मेंदूची रचना शिकणाऱ्या एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात मेंदूचा काप देण्याआधी त्यांना जिवंत माणसाचा एमआरआय उघडून द्यावा. थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सरावासाठी डोक्याचा एक एमआरआय त्यातच मिळतो. शिफ्ट दाबून माउस फिरवला की तिन्ही दिशांच्या कापांत एकच बिंदू दिसतो. कॉडेट, म्हणजे मेंदूच्या आतला शेपटीसारखा लांब भाग, मागे जाऊन वळतो आणि टेम्पोरल लोबमध्ये (कानाजवळच्या भागात) उतरतो, हे सगळे घडाघडा म्हणतात. पण कोरोनल (चेहऱ्याला समांतर उभ्या) कापात तो वर एकदा आणि खाली एकदा असा दोनदा का दिसतो, हे विचारा. वर्ग चिडीचूप. शिवाय यातले बहुतेक जण पुढे मेंदू बघणार ते स्कॅनच्या फिल्मवरच.

जुनी_खोड
म्हणजे डिसेक्शन हॉलला कुलूप लावायचं? इन्सुला हा आत दडलेला भाग बघायचा तर मेंदूच्या बाजूची खोल खाच, सिल्व्हियन फिशर, बोटांनी उघडावी लागते, क्लिक करून नाही. ट्रॉक्लिअर नर्व्ह ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) मागून निघणारी एकमेव क्रेनियल नर्व्ह (मेंदूतून थेट निघणारी नस), दोऱ्याएवढी. एक मिलिमीटरच्या नेहमीच्या स्कॅनवर दाखवाच शोधून. तंतू बघायचे असतील तर बासेलच्या योसेफ क्लिंगलरनं १९३०च्या दशकातच वाट दाखवलीय: फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला मेंदू गोठवायचा, बर्फाच्या स्फटिकांनी तंतू सुटे होतात, मग लाकडी पट्टीनं थर सोलत जायचं. कोरोना रेडिएटा, म्हणजे तंतूंचा पंखा, इंटर्नल कॅप्सूल या तंतूंच्या दाट पट्ट्यामध्ये शिरताना डोळ्यांनी दिसतो. खर्च काय, तर एक फ्रीझर.

शेपटीवाला_कॉडेट
कुलूप लावा असं कोण म्हणालं? मी क्रमाबद्दल बोलतोय. आणि फ्रीझर स्वस्त असला तरी सोलायला मेंदू कुठून आणता? बऱ्याच ठिकाणी तेच जुने काप बॅचमागून बॅच हाताळले जातात; मेंदूच्या मध्यावरचा थॅलॅमस कुठे संपला आणि कॅप्सूल कुठे सुरू झाली हे शिकवणाऱ्यालाही आठवणीनंच सांगावं लागतं.

काळी_पांढरी_फिल्म
रेडिओलॉजीवाली आहे, दोघांनाही टोचणार. क्लिंगलरचा विषय निघालाय तर कुणीतरी ट्रॅक्टोग्राफी (एमआरआयवरून तंतूंची वाट काढायची पद्धत) आणणारच, म्हणून आधीच सांगते. ती रंगीबेरंगी चित्रं तंतूंची नसतात. पाणी कुठल्या दिशेनं सहज सरकतं ते मोजून काढलेला तो अंदाज असतो. २०१७ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये वेगवेगळ्या गटांच्या पद्धतींची परीक्षा छापून आली. तंतूंचे खरे जुडगे बहुतेक सगळे सापडले, पण न असलेले जुडगे खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. पहिल्या वर्षाच्या पोराला हे कोण सांगणार? तो रंगाला सत्य समजतो.

दुसरं, अ‍ॅक्सियल (आडवे) काप आपण पायाकडून बघतो, रुग्णाची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे. वरून कापलेला मेंदू ट्रेमध्ये नेमका उलटा दिसतो. हा गोंधळ पहिल्याच तासाला मिटवला नाही तर इंटर्नशिपपर्यंत पुरतो.

आणि कृपा करून आपल्याच हॉस्पिटलचे स्कॅन पेनड्राइव्हवर वाटू नका. डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलमध्ये, रुग्णाचं नाव असतं. ते पुसलं तरी त्याच स्लायसरमध्ये थ्रीडी केलं की चेहरा उभा राहतो.

जुनी_खोड
बघा! यंत्राची बाजू यंत्रवाल्यांनीच पाडली.

काळी_पांढरी_फिल्म
छे हो, मी क्रमाच्या बाबतीत कॉडेटसाहेबांच्या बाजूची आहे. फक्त तयार रंगीत मॉडेल दाखवू नका. कॉडेटशेजारच्या पुटामेनची कड प्रत्येक कापावर मुलांनाच हातानं रंगवू द्या. स्लायसरमधला सेगमेंट एडिटर त्यासाठीच आहे. कड कुठे पुसट होते ते तेव्हा कळतं. ट्रॉक्लिअरसाठी मात्र तुमच्याच हॉलमध्ये यावं लागेल.

पहिल्या_बाकावरची
सर, मॅडम, स्पॉटरला, म्हणजे समोर ठेवलेलं ओळखायच्या परीक्षेला, ट्रेमधलाच मेंदू येतो ना? मग आम्ही पुटामेन रंगवत बसलो तर मार्क कोण देणार?

जुनी_खोड
हिला कळलं.

शेपटीवाला_कॉडेट
एमबीबीएसच्या २०१९च्या अभ्यासक्रमापासून क्लिनिकल (रुग्णाशी संबंधित) जोड द्या म्हणून सगळे कानीकपाळी ओरडतायत. मग स्पॉटरच्या टेबलावर एक एमआरआयचा कापही ठेवा की. परीक्षक तुम्हीच असता.

पहिल्या_बाकावरची
ठेवतील तेव्हा ठेवतील. आमच्या लॅबमधल्या मशीनवर स्लायसर उघडायलाच चहा पिऊन होतो, त्याचं काय?

काळी_पांढरी_फिल्म
स्लायसरऐवजी एमआरआयक्रॉन टाकून बघ. हलकं आहे, फुकट आहे, काप नीट दिसतात.