पिल्लू बाहेर गेलं की दिसेल ते तोंडात घालतं आणि काढायला गेलं की गिळतं, काय करू?

खारूताई:
आमचा बंड्या, लॅब (लॅब्राडॉर कुत्रा), पाच महिन्यांचा. घरात तसा गुणी आहे, चपला वर ठेवल्या की विषय संपतो. पण बाहेर पाऊल टाकलं की नाक जमिनीला आणि तोंड सुरू. दगड, काड्या, सिगरेटची थोटकं, बाटल्यांची झाकणं, काल तर रिमोटमधला सेल उचलला कुठून तरी, तो कसाबसा काढला मी, त्यावर दातांचे व्रण होते. आधी बोट घातलं की तोंड उघडायचा, आता जबडा आवळून मान फिरवतो आणि मी वाकले रे वाकले की गटकन गिळून मोकळा. ओरडून झालं, पट्टा ओढून झाला. दात येतायत, मोठा झाला की थांबेल असं सगळे सांगतात, पण तोवर पोटात काय काय जाईल? मझल (तोंडाला बांधायची जाळी) लावू का?

अर्धवट:
जाळी लावा, प्रश्न मिटला. एवढा विचार कशाला.

उंटावरचा_शहाणा:
दातांचं म्हणाल तर दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के सगळे येतात, त्यामुळे चावायची खाज सध्या जोरात असणारच. पण जबडा आवळून गिळणं हे दातांमुळे नाही हो, ते तो शिकलाय. त्याच्या बाजूने बघा की, काहीतरी भारी सापडलं की तुम्ही धावत येता, तोंड उघडता, वस्तू घेता आणि ती परत कधीच मिळत नाही. मग शहाणं कुत्रं काय करणार, तुम्ही पोचायच्या आत पोटात टाकणार. पुढे जाऊन हीच सवय वस्तूवर बसून गुरगुरण्यापर्यंत जाते, म्हणून तोंडात बोट घालणं आजपासून बंद, खरंच जीवघेणं काही असेल तेवढंच अपवाद.

त्याऐवजी अदलाबदल शिकवा, आणि ती घरात, बाहेर नाही. त्याला फारसं न आवडणारं खेळणं तोंडात द्या, नाकापाशी मस्त वासाचा खाऊ न्या, तोंड उघडायच्या क्षणाला "सोड" म्हणा, खाऊ द्या आणि मग (हे लोक विसरतात) खेळणं त्याला परत द्या. सोडलं म्हणजे गेलं असं नाही, हे त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे. आधी शब्द मग खाऊ असा क्रम जमला की हळूहळू जास्त आवडीच्या वस्तू घ्या, मग अंगण, मग रस्ता. घाई केलीत तर बाहेर पहिल्याच हाडाला सगळं मुसळ केरात.

"सोड" वेगळं आणि "नको" वेगळं, हेही बघा. "नको" म्हणजे अजून तोंडात घेतलंच नाहीये तेव्हाचा शब्द. बंद मुठीत खाऊ धरा, चाटू दे, ओरबाडू दे, काही बोलू नका, ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल तेव्हा दुसऱ्या हातातून द्या. मुठीतला कधीच द्यायचा नाही, नाहीतर त्याला वाटेल थोडं थांबलं की जमिनीवरचंही मिळतं.

झिपरी:
@अर्धवट, जाळी वाईट नाही पण मिटला वगैरे काही नाही. कापडी मझल, ज्यात तोंड बंद राहतं, ती फिरायला अजिबात नको. कुत्री धापा टाकूनच अंग थंड करतात, तोंड बंद केलं की ऊन असेल तर उष्माघात व्हायचा. टोपलीसारखी हवी, ज्यात त्याला पूर्ण धाप टाकता येईल, पाणी पिता येईल, आणि तुम्हाला फटीतून खाऊ देता येईल. पहिल्या दिवशी तोंडावर चढवून बाहेर नेलं तर तो पंजाने ओढत रस्ताभर लोळेल. आतल्या बाजूला खाऊ ठेवा, त्याने स्वतःहून नाक घालू दे, बेल्ट लावायची गोष्ट बऱ्याच नंतर. आणि पातळ-चिकट काही असेल तर ते जाळीवर दाबून चाटतातच, माझी महामाया त्यात पटाईत आहे.

एक सोपी गोष्ट कुणी बोललं नाही. लॅब आहे ना? त्यांना तोंडात काहीतरी धरून मिरवायची हौसच असते. घरातून निघतानाच त्याचं मऊ खेळणं तोंडात देऊन चाला. तोंड भरलेलं असलं की दगड उचलायला आधी खेळणं टाकावं लागतं, तेवढ्यात तुम्हाला वेळ मिळतो. सगळ्याच पिल्लांना जमत नाही, पण करून बघायला काय जातंय.

आणि प्रत्येक काडीवर झडप घालू नका. सुकं पान, कागदाचा तुकडा असलं काही असेल तर आकाशाकडे बघत चालत राहा, निम्म्या वेळा तो आपोआप थुंकतो, कारण बघायला कुणी नसलं की मजा नाही.

दुर्वांकुर:
मी व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) मदतनीस आहे, म्हणून आधी त्या सेलचं बोलते कारण बाकीचं थांबू शकतं. दात रुतले होते म्हणताय, तर आतलं रसायन तोंडाला लागलं असू शकतं. त्याने भाजतं आणि जखमा लगेच दिसत नाहीत, बारा तासांपर्यंत वर यायला वेळ लागतो. आत्ता त्याचं तोंड उघडून जीभ, हिरड्या, टाळू बघा, कुठे पांढरट किंवा करडे चट्टे, खूप लाळ, खायला नकार असं काही आहे का. काही दिसलं नाही तरी व्हेटला फोन करून सांगाच. आणि बटण सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत भोक पाडतो.

उलटी करवायची तर घरच्या घरी अजिबात नाही. सेल, अॅसिड, टोकदार वस्तू वर येताना दुसऱ्यांदा इजा करतात. मिठाचं पाणी पाजायचा सल्ला अजूनही लोक देतात, त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्री दगावतात.

बाकी रस्त्यावरचं मी ज्याला घाबरते ते म्हणजे उंदराचं औषध (बऱ्याच प्रकारांत दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो, म्हणून बरा दिसतोय म्हणून गप्प बसू नका), झायलिटॉलवालं (साखरेऐवजी घालतात ते) शुगरफ्री च्युइंग गम (अर्ध्या तासातही रक्तातली साखर कोसळू शकते), कण्हेरीची पानं-फांद्या, आणि मक्याची कणसं. कणसाचं हसू येतं लोकांना, पण दाणे खाऊन टाकलेला बुडखा पचत नाही आणि आतड्यात बरोबर बुचासारखा बसतो. दोरा किंवा कापडाची पट्टी शी करताना लटकलेली दिसली तर ओढू नका, आत आतडं गोळा झालेलं असलं तर चिरतं.

सारख्या उलट्या, जेवण बंद, शी नाही, पुढचे पाय खाली टेकवून ढुंगण वर करून बसणं, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी दाखवा. दगड एक्स-रेत दिसतो, कापड आणि प्लॅस्टिक बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून काय गिळलं त्याचा उरलेला तुकडा असेल तर सोबत आणा. आणि माती-दगड मुद्दाम शोधून खात असेल तर जंत, रक्ताची तपासणी करून घ्या, कधी कधी शिस्तीचा प्रश्नच नसतो.

खारूताई:
बापरे. लगेच बघितलं तोंड, खालच्या हिरडीवर एक पांढरट ठिपका वाटतोय, मला नक्की कळत नाहीये. जेवला मात्र नीट.

दुर्वांकुर:
आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. तोवर तोंडात दुसरं काही कडक चघळायला देऊ नका.

खारूताई:
दाखवून आलो. छोटी भाजल्याची जखम आहे म्हणाले, औषध दिलंय, मऊ खायला सांगितलंय. "सोड" कालच सुरू केलं, खेळण्यावर तरी पटकन सोडतोय, खाऊ बघून कधी कधी तर आधीच टाकतो 😅 आता नवीन भीती, हा खाऊसाठी मुद्दाम कचरा उचलून आणायला लागला तर?

उंटावरचा_शहाणा:
काही जण लागतात, हुशार जात आहे. पण गिळण्यापेक्षा आणून दाखवणं शंभर पटीने बरं की. ते कमी करायचं तर चालताना तोंड रिकामं आणि मान वर असेल तेव्हाही खाऊ देत राहा, उलट तेव्हाच जास्त द्या. म्हणजे कचरा उचलायचा खटाटोप न करताही मिळतं हे कळेल.

झिपरी:
आणि घरातले सगळे एकच शब्द वापरतात ना ते बघा. एक "सोड", दुसरा "दे", तिसरा "छी छी टाक ते" असं असेल तर बिचाऱ्याने काय समजायचं.

खारूताई:
आमच्याकडे चौथा पण आहे, सासरे, ते "अरे बाळा नको रे" म्हणत मागे पळतात. बोलते त्यांच्याशी.