तात्या सरपंचात एवढं काय होतं?

वऱ्हाडी दादरकर
सासुरवाडी कुडाळची. दर गणपतीत तिथं टीव्हीवर 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक लागतं, सगळे डोळे पुसत हसतात आणि मी बायकोकडं बघून हसतो. निम्मे शब्द डोक्यावरून जातात. मच्छिंद्र कांबळी या माणसात एवढं काय होतं? 'गावरान शिव्या' हे उत्तर नको, ते मेहुण्यानं दिलंय.

लालबागची माई
मेहुण्याला नमस्कार सांगा!
आमचे बाबा गिरणीत, साचेखात्यात. निम्मी चाळ मालवणी, तरी आई दटावायची, शाळेत 'माका-तुका' करायचं नाही. तेव्हा नाटकात मालवणी बोलायचा तो बहुतेक घरगडी. चहाचा ट्रे आणायचा, एक वाक्य टाकायचा, हशा घेऊन आत. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० ला व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि त्यात कांबळी तात्या सरपंच. गडी नव्हे, सरपंच! गावात महाभारताचं नाटक बसतंय, द्रौपदी म्हणजे बाप्या, आणि हा तालमीत नाक खुपसणारा. सुरुवातीला गल्ला यथातथाच होता म्हणतात. पुलंनी बघून दाद दिली आणि हाउसफुल्लचे बोर्ड लागले. पुढं पाच हजारांवर प्रयोग, लंडनवारीसुद्धा.

मी आठवीत असताना शिवाजी मंदिरला बाल्कनीतून पाहिलं. तुम्ही शब्द सोडा हो. टीव्हीचा आवाज बंद करा आणि त्याची मान बघा. समोरचा काहीतरी येडपटासारखं बोलतो, हा लगेच उत्तर देत नाही. नुसता बघतो. लोक तिथंच हसतात, मग वाक्य येतं, परत हसतात. एका वाक्यात दोन हशे.

मध्यंतरात बाबांनी वडा खाता खाता शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्यानं विचारलं, "गाव खंयचो तुमचो?" आई मागून सदरा ओढत होती.

परळचा प्रॉम्प्टर
माई, पटलं, पण अर्धंच. कांबळींनी स्वतःची 'भद्रकाली' नाट्यसंस्था काढली, 'चाकरमानी' केलं, 'पांडगो इलो रे बा इलो' केलं, आणि मालवणी म्हणजे हसायचंच हे पक्कं झालं. आज गंभीर मालवणी संहिता घेऊन निर्मात्याकडं जा, तो पहिलं विचारतो, "पंचलाइन कुठंयत?" स्वानुभव आहे.

लालबागची माई
पंचलाइनींचं खापर त्यांच्यावर नको. ते मागून आलेल्या नकलाकारांचं. त्यांनी शिवी उचलली, थांबणं राहिलं. ३० सप्टेंबर २००७ ला कांबळी गेले. बातमी लागली तशी बाबांनी टीव्ही बंद केला आणि आईला मालवणीत चहा सांगितला. तीही मालवणीतच करवादली.

वऱ्हाडी दादरकर
आवाज बंद करून दहा मिनिटं बघितलं. दोनदा हसलो, खरोखरचा. बायको स्वयंपाकघरातून विचारते, टीव्ही बिघडला का?