धागा: इंग्रजी शिव्या आणि जोरकस शब्द - कुठं चालतात, कुठं अंगाशी येतात

सातरस्ता: सोलापुरात पार्क चौकात पोरांचं "काय बे" ऐकलं आणि जुना विषय डोक्यात आला. दोस्तात 'बे' म्हणजे माया, सासऱ्यांना म्हटलं की कार्यक्रम आटोपला. इंग्रजीतही तसंच आहे. टॉवेलच्या परदेशी पार्टीशी बोलणारी आपली पोरं डॅम, ब्लडी, शिट बिनधास्त टाकतात. अर्थ पाठ असतो, वजन कळत नाही. जाणकारांनी लिहा की.

व्याकरणवाली: आधी बघायचं रोख कुणावर आहे. "द डॅम कार्टन्स आर स्टिल हिअर" हा वैताग खोक्यांवर आहे. "डॅम यू" थेट माणसावर. "डॅम गुड" तर चक्क कौतुक.
'द'कडे पण लक्ष द्या. "धिस टॉवेल इज शिट" म्हणजे माल भिकार. "धिस टॉवेल इज द शिट" म्हणजे एक नंबर! घाईत 'द' ऐकू आला नाही तर भलतंच उत्तर जाईल.

पूर्वभाग: पिस्ड विसरू नका. ब्रिटनमध्ये दारू चढलेला, अमेरिकेत चिडलेला. 'ऑफ' जोडलं की दोन्हीकडं चिडलेलाच.

हुरडा_पार्टी: ताई, ते अ‍ॅब्सो-ब्लडी-लूटली कसं बनतं?

व्याकरणवाली: ज्या अक्षरावर जोर, त्याच्या आधी शिवी घालायची. फॅन-ब्लडी-टॅस्टिक. 'फॅनटॅस-ब्लडी-टिक' म्हटलं तर इंग्रजांच्या कानाला लगेच खटकतं. नियम कुणी शिकवत नाही, तरी सगळे पाळतात.

डॉक्टरकाका: शिवीनं दुखणं सोसवतं, हे तपासलेलं आहे. 2009 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी लोकांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावले. शिवी देणाऱ्यांनी जास्त वेळ धरले. 2011 च्या प्रयोगात दिसलं, रोज शिव्या देणाऱ्यांना फायदा कमी. पुढं 2020 मध्ये 'फाउच', 'ट्विझपाइप' असे बनावट शब्द देऊन पाहिले, काही उपयोग झाला नाही. म्हणून शिवी जपून ठेवा, गरजेला कामी येते.

पूर्वभाग: काका, गुडघा कसाय आता?

डॉक्टरकाका: बरा आहे. जिना टाळतोय.

सातरस्ता: आणि मेलमध्ये? टॉवेलचं जीएसएम (दर चौरस मीटरला वजन) कमी भरलं, पार्टी तापली, तर आपण काय लिहायचं?

व्याकरणवाली: त्यांनी डॅम लिहिलं तरी आपण लिहायचं नाही. लेखी शिवीत आवाज नसतो, हसू नसतं, नुसता राग पोचतो. जोर दुसरीकडून आणा. "वुई डिड चेक एव्हरी लॉट", इथं 'डिड'च काम करतो. व्हेरी अँग्री चालतं, अ‍ॅब्सोल्यूटली अँग्री नाही. अ‍ॅब्सोल्यूटली फ्युरियस म्हणा. आणि समोरचा ब्रिटिश "विथ रिस्पेक्ट" म्हणाला, तर ते बहुतेक वेळा नकाराचं तोंड असतं. खूश होऊन फुल्ल ऑर्डर गृहीत धरू नका.

हुरडा_पार्टी: पाचवीच्या पोराला काय सांगू? 'शिट' सोडत नाही.

मास्तर: शूट, डार्न, हेक, गॉश द्या. देवाधर्माला धरून असलेल्या ख्रिस्ती घरांत "ओ माय गॉड" पण खटकतं, तिथं "ओ माय गुडनेस".