देमेंत्येवच्या नावाचं विमान का नाही?

कुतूहल:
सोव्हिएत विमानांवर वाचताना प्योत्र देमेंत्येव हे नाव सारखं आडवं येतं. १९५३ पासून १९७७ मध्ये मरेपर्यंत विमान उद्योग त्याच्याच हाताखाली. पण डिझायनरांवरून नाव पडलेल्या मिग, याक, तुपोलेवसारखं त्याच्या नावाचं एकही विमान नाही. होता शिकलेला इंजिनिअर. मग टिकला तो कम्युनिस्ट पक्षाच्या मर्जीवरच का?

जुना फोरमन:
मर्जी लागतेच, पण तेवढ्यानं भागलं नसतं. माझी उमर शॉप फ्लोअरवर गेली, म्हणून डिझायनरांपेक्षा मला हाच जवळचा वाटतो. हवाई दलाच्या झुकोव्स्की इंजिनिअरिंग अकादमीतून १९३१ मध्ये बाहेर पडला. पुढे मॉस्कोच्या कारखाना क्र. १ मध्ये वर चढत १९४१ साली संचालक, आणि त्याच वर्षी विमान उद्योगाचा पहिला उपकमिसार, म्हणजे उपमंत्रीच (कमिसार म्हणजे तेव्हाचा मंत्री). काम काय, तर विमानं ठरलेल्या संख्येनं बाहेर काढायची.

१९४३ च्या जूनचा प्रसंग बघा. जर्मनांशी कुर्स्कची मोठी लढाई महिन्यावर, आणि याक लढाऊ विमानांच्या पंखांवरचं कापडी आवरण सुटायला लागलं. उरलमधल्या एका कारखान्यानं नीट न तपासता बदली लॅकर वापरलं होतं. स्टालिननं याकचा डिझायनर याकोवलेव आणि देमेंत्येव दोघांना बोलावून झापलं. देमेंत्येवनं दोन आठवड्यांत दुरुस्तीचा शब्द दिला. अशा वेळी तारीख कबूल करायला छाती लागते हो!

निमिष:
आणि १९४६? सदोष विमानं हवाई दलाला दिली म्हणून कमिसार शाखुरिनला सात वर्षांची शिक्षा. उत्पादन बघणारा उपकमिसार मात्र मोकळा. ही कसली कर्तबगारी?

जुना फोरमन:
ते नशीब, वाद नाही. पण नशीब एकदा साथ देतं. १९५७ मध्ये ख्रुश्चेवनं कारखाने प्रादेशिक परिषदांकडे सोपवले, मंत्रालयाची राज्य समिती झाली, तरी अध्यक्ष हाच. १९६५ मध्ये मंत्रालय परत आलं, मंत्री पुन्हा हाच.

कुतूहल:
म्हणजे आवाजापेक्षा वेगानं उडणारं प्रवासी विमान टीयू-१४४ त्याच्याच काळातलं?

जुना फोरमन:
हो, आणि तिथे मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. ३१ डिसेंबर १९६८ ला उडवून ब्रिटिश-फ्रेंच काँकॉर्डला दोन महिन्यांनी मागे टाकलं. प्रवासी सेवा सुरू व्हायला नोव्हेंबर १९७७ उजाडला, तोवर देमेंत्येव गेला होता. पुढच्या जूनमध्ये ती बंदही पडली.