अनुभव धागा: सांबऱ्याहून एका पिशवीनिशी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी गुणवत्ता विभाग सांभाळते. महिन्यातून दोनदा तरी गिऱ्हाइकाकडं जावं लागतं, कधी चेन्नई, कधी फरीदाबाद. पूर्वी राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी बेंगळुरात उतरायचो, तेव्हा बॅग केवढी आहे याचा विचार कुणी करत नव्हतं. बर्थखाली सरकवली की झालं. विमानाचं गणित वेगळं, हे मला एका चेन्नई दौऱ्यानं शिकवलं.

सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून बेंगळुरू, तिथून चेन्नई असा जोडप्रवास होता. मधे वेळ कमी. मी पोचले, बॅग बेंगळुरातच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल म्हणाले. कपड्यांचं कसंही निभावलं, पण बॅगेत माझे सेफ्टी बूट होते. सकाळी ९ वाजता गिऱ्हाइकाच्या शॉपफ्लोअरवर बुटांशिवाय सोडेनात, आणि माझ्या मापाचे बूट त्यांच्याकडं नव्हते. ज्या कास्टिंगमधला, म्हणजे ओतीव भागातला दोष बघायला एवढ्या लांब गेले होते, ते मी काचेच्या पलीकडून बघितलं. आमच्या माणसांनी रात्रपाळी करून केलेला माल होता तो, आणि त्यांची बाजू मांडायला मी त्याच्याजवळ उभी राहू शकले नाही. ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून बॅग बेल्टवर टाकलेली नाही. बूट पायातच. मात्र पोलादी टोपीचे बूट तपासणीच्या कमानीखाली वाजतात, मग ते काढा, ट्रेमध्ये ठेवा, परत बांधा. म्हणून फायबरच्या टोपीचे घेतले. ते वाजत नाहीत आणि हलकेही आहेत.

तुम्ही काय नेता, काय घरी ठेवता, कुठं वेळ गेला आणि कुठं वाचला, ते सविस्तर लिहा. सीमाभागातल्यांनी आवर्जून लिहा. आपला प्रवास विमानतळावर संपत नाही, पुढं बस असते, वडापची जीप असते, घाट असतो.

निपाणीकर

ताई, बुटांचं वाचून वाईट वाटलं. माझा धंदा पंपांच्या विक्रीचा. निपाणीहून कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ पडतं, पण हव्या त्या वेळेला हव्या त्या गावचं विमान मिळेलच असं नाही. मग सांबरा, कधी हुबळी, कधी गोव्याचं मोपा. बऱ्याचदा जाणं एका ठिकाणाहून आणि येणं दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळं गाडी विमानतळावर लावून जाता येत नाही. गर्दीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसता येईल एवढीच बॅग हवी.

आधी चाकांची ट्रॉली वापरायचो. एकदा रिकामीच ताणकाट्याला लावली, तर जवळजवळ ३ किलो! हातातल्या सामानाला मुभा ७ किलोची, आणि त्यातले ३ किलो नुसती चाकं, दांडा आणि पत्रा. पाठीवरची सॅक घेतली, ती किलोच्या आत बसते. आता निघायच्या आदल्या रात्री ताणकाट्याला लावल्याशिवाय चेन लावत नाही. आकाराचीही मर्यादा आहे. लांबी, रुंदी, उंची मिळून ११५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ५५, ४०, २०. घरी एकदा टेपनं मोजून बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

शहापूरची

मी कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देते. माझं स्वतःचं सामान थोडंच असतं, दोन ड्रेस आणि लॅपटॉप. भरते ती घरच्यांची माया! दिल्लीला निघाले की मामी येणार, “जाऊलीस न्हवं, मग एवढं पोचव की पोराला.” तिला नाही म्हणवत नाही, आणि म्हणायचंही नाही. पण काय चालतं आणि काय अडकतं हे मी चांगलंच भोगलंय.

एकदा मामीनं दिलेलं सगळं एका मोठ्या बॅगेत भरलं आणि ती काउंटरवर द्यायला गेले. आधी एक्स-रे. तिथल्या माणसानं पट्टा थांबवला, “अक्का, ब्यागु तेगीरी.” सगळ्यांदेखत जमिनीवर बसून बॅग उघडली. तळाशी कापडात बांधलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, आणि माझी पॉवर बँक. दोन्ही चालणार नव्हतं. खोबऱ्यात तेल भरपूर, उष्णतेनं ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या पोटातल्या सामानात सुकं खोबरं नेत नाहीत. पॉवर बँकेचं कारण तेच, आगीचं. बॅटरीनं पेट घेतलाच तर ती माणसांच्या नजरेसमोर असली पाहिजे, म्हणून ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. तीही १०० वॉट-अवरच्या आतली. नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, ती चालते.

काउंटर विमानाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. मी बॅग परत बांधून उभी राहिले तेव्हा तीन मिनिटं उरली होती. खोबरं मला सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्या काकांकडं दिलं. त्यांनी ते संध्याकाळी मामीच्या घरी नेऊन पोचवलं, तेही आपणहून. बेळगावची माणसं अशी आहेत.

आता मामीला यादीच दिली आहे. कुंदा, आपली दुधाची मिठाई, चालतो, अर्धा किलोचा डबा, वर प्लास्टिक गुंडाळून. गोकाकचा सुक्यामेव्याचा करदंट तर प्रवासासाठीच केल्यासारखा, ना सांडत ना चिरडत. मांडे चपट्या डब्यात घालून सगळ्यात वर ठेवायचे, आणि विमानात बॅग पायाशी घ्यायची, वरच्या कप्प्यात नाही. तिखटाची पूड आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, ते मी कुरिअरनं पाठवते. परदेशी जाताना तूपसुद्धा द्रवातच धरतात, १०० मिलिलिटरच्या वरची बाटली काढून ठेवतात. मामीचं कढवलेलं तूप तिथल्या टोपलीत गेलेलं मी पाहिलंय. त्या दिवशी फार जिवाला लागलं.

टिळकवाडीतली प्राध्यापिका

महाविद्यालयांच्या तपासणी समित्यांवर मला वर्षातून पाच-सहा वेळा जावं लागतं. तीन दिवसांचा मुक्काम, रोज नवीन साडी हवी असा आधी आग्रह होता. शहापूर-वडगावच्या मागावरची सुती साडी मला मनापासून आवडते, पण ती घडीतून काढली की इस्त्री मागते आणि जागाही खाते. आता हिशोब असा: एक वडगावची, ती नेसूनच निघायचं. एक क्रेपची, गुंडाळून मनगटाएवढी होते आणि चुरगळत नाही. दोन्हींना चालेल असा काळा परकर नेसलेला, तसाच दुसरा बॅगेत. तिसऱ्या दिवशी पहिलीच साडी परत. समितीतल्या कुणाचंही तिकडं लक्ष नसतं, ते कागद बघत असतात.

आपल्याकडच्या पावसाचा एक धडा. जुलैत बेळगावात वाळलेला कपडासुद्धा दमटच असतो. तसाच घडी करून भरला की हैदराबादच्या खोलीत बॅग उघडताना कुबट वास येतो. निघायच्या आधी इस्त्री फिरवून, पूर्ण गार झाल्यावरच भरा. दमट कपड्यानं वजनही वाढतं, तेही काट्यावर दिसतं.

मच्छे, मशीन शॉप

नमुने आणि मापनाची हत्यारं नेणाऱ्यांसाठी लिहितोय. व्हर्निअर, प्लग गेज, पाना, स्क्रू-ड्रायव्हर यातलं काहीही हातातल्या बॅगेत ठेवू नका. कुणी सोडतो, कुणी अडवतो, आणि अडवलं की वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांचं काम ते करतात. माझं घासून घासून हाताला बसलेलं एक व्हर्निअर मी असंच सोडून आलो. वडिलांनी दिलेलं होतं.

धातूचा भरीव तुकडा एक्स-रेमध्ये काळा गोळा दिसतो. आतलं काही कळत नाही, म्हणून बॅग उघडतातच. आता नमुने दोन-तीन दिवस आधी कुरिअरनं गिऱ्हाइकाच्या स्टोअरला पाठवतो आणि पोचल्याचा फोन आल्याशिवाय तिकीट काढत नाही. गेज त्यांच्याकडचेच वापरतो, फक्त कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते अचूक मोजतात याचा दाखला आधी मागून घेतो. माझ्या हातात ड्रॉइंग, तपासणी अहवाल आणि लॅपटॉप. बॅग भरते ४ किलो.

निपाणीकर

मच्छेवाले दादा, हे पटलं. आणखी एक, आपल्याकडं बऱ्याचदा छोटं एटीआर विमान असतं. त्यात मागच्या दारानं चढायचं आणि वरचा कप्पा उथळ. मोठ्या विमानात बसणारी कडक ट्रॉली तिथं बसत नाही, मग शिडीपाशीच काढून घेतात आणि पोटात टाकतात. ५० आसनांच्या एम्ब्रेअरमध्ये एका बाजूला एक खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दोन, तिथंही जागेचं तसंच. म्हणून लॅपटॉप, औषधं, चार्जर, पॉवर बँक एका वेगळ्या कापडी पिशवीत घालून सॅकमध्ये वरच ठेवा. सॅक मागितली तर पिशवी उपसायची आणि सॅक द्यायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

अथणीकर

आमचं घर तीन पिढ्या चपलांचं. कोल्हापुरी म्हणून जी जगाला माहीत आहे, ती अथणी-निपाणीतही होते. २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही आहेत. अथणीहून सांबऱ्याला यायलाच तीनेक तास लागतात, त्यात ओझं नको वाटतं.

दिल्ली-जयपूरच्या व्यापाऱ्यांना वाण दाखवायला मी पूर्वी पेटीभर जोड न्यायचो. आता प्रत्येक वाणाचा एकच पाय नेतो. १२ वाण म्हणजे १२ चपला. वजन निम्मं झालं आणि व्यापाऱ्याचं काही अडत नाही, त्याला वेणी, टाच आणि शिवण बघायची असते. एक उजवा, एक डावा असे उलटसुलट ठेवले की एकात एक बसतात. मधे वर्तमानपत्र घालतो, कातड्याचा वास कपड्यांना लागत नाही. एक पूर्ण जोड मात्र माझ्या पायात असतो. ऑर्डर बहुतेक वेळा त्याचीच मिळते.

वडगावचा, लेखापरीक्षक

सामानाचं सोडून एक वेगळं सांगतो, कारण माझा वेळ तिथं जायचा. बेंगळुरूत डिजियात्रेच्या दारानं चेहरा दाखवून आत जाता येतं, रांग वाचते. पण तिकिटावरचं नाव आधारशी जुळलं पाहिजे. आपल्याकडं कर्नाटकातल्या शाळेच्या दाखल्यावर आद्याक्षर, मराठी पद्धतीनं वडिलांचं नाव मधे, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. माझं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी होतं. आधार दुरुस्त करून घेतलं आणि विमान कंपनीच्या ॲपमध्ये तेच जसंच्या तसं भरून ठेवलं. तेव्हापासून दारात थांबलो नाही.

नाणी, किल्ल्या, पट्टा, घड्याळ मी रांगेत उभं राहण्याआधीच सॅकच्या एका कप्प्यात टाकतो. पाण्याची बाटली रिकामी नेतो, आत जाऊन भरतो.

हिंदवाडी, वय ७१

निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून हिंडतो. मधुमेह आहे. इन्सुलिन आणि गोळ्या नेहमी अंगाजवळच्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि दोन दिवस जास्तीच्या. पोटातल्या सामानात कधीच नाहीत. बाकी धोतर-सदरा कुठंही मिळतो.

खानापूरचा

सगळं वाचलं. माझा अनुभव गेल्या पावसाळ्यातला. बेंगळुरूहून संध्याकाळचं विमान सांबऱ्यावर आलं, दोन घिरट्या घेतल्या, खाली ढगांत काहीच दिसेना. हुबळीला नेऊन उतरवलं. पुढची सोय होईपर्यंत थांबा म्हणाले. बेल्टवर सामान यायला बराच वेळ जाणार होता. घरी आईला दोन दिवस ताप होता आणि खानापुरात त्या रात्री तिच्याजवळ कुणी नव्हतं.

माझ्याकडं फक्त पाठीवरची सॅक होती. सरळ बाहेर पडलो, रिक्षानं स्टँड गाठला, बेळगावची बस लागलेलीच होती. कंडक्टरनं माझ्याकडं बघून विचारलं, “लगेज इल्ला री?” नाही म्हटलं, तर त्यानं स्वतःच्या शेजारची अर्धी जागा दिली. कित्तूरच्या पुढं पावसानं काच दिसत नव्हती. बेळगावात उतरलो तेव्हा खानापूरची शेवटची बस गेली होती. एक दुधाची गाडी जांबोटीच्या वाटेला निघाली होती, पण ती खानापुरावरून जाणार नव्हती. स्टँडवरच्या चहावाल्यानं त्याच्या मेहुण्याला फोन लावला, तो खानापूरचाच होता, त्यानं मोटारसायकलवर घेतलं. सॅक पाठीवर, वरून रेनकोट, आणि दीड वाजता घरात.

आईनं दार उघडलं. कपाळ गरम होतं, पण उठून चुलीवर पाणी ठेवलं. म्हणाली, “भिजलाईस की रे.”

ती सॅक अजून तीच आहे. उजवा पट्टा उसवला होता, तो इथल्याच चांभाराकडून शिवून घेतलाय.