एअरबॅग असलेल्या गाडीत कमी उंचीच्या चालकाने कसे बसावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमच्या घरी नुकतीच गाडी बदलली असून नव्या गाडीत समोर दोन आणि पुढच्या दोन्ही सीटांच्या कडेला एकेक अशा एअरबॅग आहेत. ही गाडी बहुतेक वेळा माझी आई चालवणार आहे. तिची उंची १४७ सेंटीमीटर आहे आणि क्लच पूर्ण दाबता यावा म्हणून ती सीट अगदी पुढे ओढून बसते. गाडी उभी असताना मी टेपने मोजून पाहिले, तेव्हा तिच्या छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंतचे अंतर जेमतेम १८ सेंटीमीटर भरले. हे अंतर निदान २५ सेंटीमीटर असावे असे मी वाचले आहे. शिवाय खांद्यावरून येणारा पट्टा तिच्या मानेला घासतो, म्हणून ती तो काखेखालून घेते आणि तेवढ्यावर समाधान मानते.

ओळखीच्या एका मेकॅनिकचे म्हणणे असे की, इतक्या जवळून एअरबॅग उघडली तर बरगड्या मोडतील, त्यापेक्षा तिचा फ्यूज काढून टाकावा आणि केवळ पट्ट्यावर भिस्त ठेवावी. मला हा सल्ला पटलेला नाही. पण तो का चुकीचा आहे हे आईला समजावून सांगण्याइतकी माहिती माझ्याजवळ नाही. आणखी एक प्रश्न वहिनींचा आहे. त्यांना सातवा महिना लागला आहे आणि पोटावर दाब येऊ नये म्हणून त्यांनी पट्टा लावूच नये, असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

फ्यूज काढू नका, हे आधी सांगतो. बहुतेक गाड्यांत एअरबॅग आणि पट्टा क्षणार्धात आवळणारी यंत्रणा एकाच नियंत्रकाच्या हुकमाने चालतात. त्यामुळे एअरबॅग बंद करायला जाल आणि ज्या पट्ट्यावर भिस्त ठेवायची तोच ढिला पडेल. मेकॅनिकची भीती मात्र निराधार नाही. समोरून जोरदार धडक बसल्यावर एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याआधीच, पूर्ण फुगते आणि लगेच मागच्या छिद्रांतून हवा सोडू लागते. माणूस तिच्यावर टेकावा तो ती फुगून झाल्यावर. फुगण्याच्या सुरुवातीच्या पाच ते आठ सेंटीमीटरांत तिचा जोर सर्वाधिक असतो आणि त्या टप्प्यात छाती किंवा चेहरा तिथे असेल तर गंभीर इजा होते. २५ सेंटीमीटरचा नियम याच जागेत पुरेशी भर घालून ठरवलेला आहे. म्हणून करायचे आहे ते अंतर वाढवण्याचे काम.

त्यासाठी आईंना प्रथम कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवून बसायला सांगा. मग क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, इतपत सीट मागे न्या. एवढ्याने भागले नाही तर सीटची पाठ थोडी मागे कलवा. छाती त्यामुळे काही सेंटीमीटर मागे जाते आणि पाय जागेवरच राहतात. फार कलवू नये, कारण मग धडकेच्या वेळी माणूस कंबरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतो. स्टिअरिंग मागेपुढे होत असेल तर ते डॅशबोर्डकडे ढकला आणि त्याचा मध्य चेहऱ्याकडे न राहता छातीकडे राहील असे खाली झुकवा. हात घड्याळातील नऊ आणि तीन यांच्या जागी असावेत. मध्यावरून आडवा गेलेला हात एअरबॅग उघडताना थेट तोंडावर आदळतो.

मानेला घासणाऱ्या पट्ट्याचा उपाय बहुधा गाडीतच आहे. दाराच्या खांबावर जिथून पट्टा बाहेर येतो, तिथली कळ दाबून तो आधार खाली सरकवता येतो. सीटची उंची वाढवण्याची सोय असेल तर तीही वापरा. बसणारी व्यक्ती वर गेली की समोरचा रस्ता नीट दिसतो आणि पट्टाही मान सोडून खांद्याच्या मध्यावर येतो. काखेखालून घेतलेला पट्टा मात्र लगेच बंद करायला हवा. त्याचा सगळा भार खालच्या बरगड्यांवर पडतो, ज्यांच्या आत यकृत आणि प्लीहा आहेत, आणि वरचे धड मोकळे राहून डोके सरळ पुढे फेकले जाते.

प्रतिसाद

वहिनींविषयी लिहिते. घरातील मंडळींची काळजी समजण्यासारखी आहे, पण बाळाला खरा धोका आई पुढे फेकली जाण्यातून असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून खाली पडणे. तो आघात हातांनी पेलणे कोणालाही शक्य नाही. पट्टा लावायलाच हवा, फक्त तो योग्य जागी हवा. आडवा भाग पोटाच्या उंचवट्याखालून, मांड्यांच्या वरच्या टोकाशी, कंबरेच्या हाडांवर घट्ट बसवावा. तिरपा भाग दोन स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेने खाली जावा. त्या चालकाशेजारच्या सीटवर बसत असतील तर सीट जाईल तेवढी मागे न्यावी आणि एअरबॅग चालूच ठेवावी. गाडीला साधी धडक बसली आणि काहीच दुखत नसले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटू लागल्याची लक्षणे कधी कधी लगेच दिसत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सीटची पाठ कलवून आणि स्टिअरिंग आत ढकलून आता २६ सेंटीमीटर अंतर मिळाले आहे आणि क्लचही पूर्ण दाबला जातो. खांबावरचा आधार खाली घेतल्याने पट्टा मानेपासून दूर झाला. मात्र या गाडीत सीट वर करण्याची सोय नाही, म्हणून आई खाली जाड उशी घेऊ पाहते. ते चालेल का? तसेच सीटना कव्हर घालायचा विचार आहे.

प्रतिसाद

सुटी, मऊ उशी नको. धडकेत ती दबते आणि सरकते, तेवढ्यात कंबरेचा पट्टा ढिला होऊन हाडांवरून पोटावर चढतो. आधार लागणारच असेल तर पातळ, टणक आणि न घसरणारा असावा, आणि तो ठेवल्यावर पट्टा कुठे बसतो ते व छातीचे अंतर पुन्हा तपासावे. कव्हर घेताना सीटच्या बाहेरच्या कडेवर एअरबॅगची जी पट्टी शिवलेली दिसते ती झाकली जाणार नाही, असेच घ्या; बाजूची एअरबॅग तिथली शिवण उसवून बाहेर येते आणि जाड कव्हर तिची वाट अडवते. कव्हर बसवताना सीटखालच्या वायरींना धक्का लागण्याची शक्यता असते. म्हणून काम झाल्यावर चावी फिरवून पाहा: एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागून राहिला किंवा मुळीच लागला नाही, तर गाडी अधिकृत सेवा केंद्रात दाखवा; त्या जोडण्यांना घरी हात लावू नका.