अंतर तेच, पण वेळ निराळा
दोन शहरांमधील अंतराला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागले की उड्डाणाचा वेळ मिळतो, हे गणित ढोबळ अंदाजापुरते मान्य आहे. मात्र त्यात वारा धरलेला नाही, आणि पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासात तोच मोठा फरक पाडतो. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे, तरीही न्यूयॉर्कहून लंडनला जाणाऱ्या विमानाला उलट दिशेच्या विमानापेक्षा साधारणतः तासभर कमी लागतो, कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजेच जेट प्रवाह, हिवाळ्यात तर अधिकच जोमाने, त्याला मागून ढकलतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यामुळे एका प्रवासी विमानाने हे अंतर पाच तासांच्या आत कापले होते.

शिवाय वेळापत्रकातला वेळ केवळ हवेतला नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा उभे राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात मोजतात, धावपट्टीकडे रांगेत सरकण्याची मिनिटेही (गजबजलेल्या विमानतळांवर ती थोडी नसतात) त्यात आलीच. जवळच्या शहरांच्या बाबतीत भागाकार फसतो तो बहुधा यामुळेच.